ट्रकवरचा अँटेना आणि केबिनमधली वायर

मंडळी, आपण सांताक्रूझमध्ये जमलोय, तर सुरुवात इथूनच करू. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. रस्ते तुंबले, मोबाइलही गप्प झाले. अशा वेळी मदत घेऊन निघालेल्या ट्रकनी एकमेकांशी बोलायचं कसं? टॉवरची गरज नसलेला सीबी रेडिओ हा एक मार्ग. पण बसवताना चूक झाली, तर ऐन वेळी तोही मुका.

आधी कायदा. २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ५ वॉटपर्यंत परवान्यातून सूट दिली, ती संचातच अँटेना असलेल्या उपकरणांना. म्हणून बाहेर अँटेना लावण्याआधी परवानगीचं विचारून घ्यायचं.

आता अँटेना. २७ मेगाहर्ट्झची लहर साधारण ११ मीटर लांब. तिचा पाव भाग म्हणजे पावणेतीन मीटरची काठी! ती छतावर उभी केली तर मिलन सबवेतच अडकेल. म्हणून तळाशी कॉइल असलेला आखूड अँटेना घेतात. पण अँटेना म्हणजे निम्मंच काम. उरलेलं निम्मं ट्रकचा पत्रा करतो. केबिन लाकडी किंवा फायबरची असेल, तर ब्रॅकेटपासून चासीपर्यंत जाड, आखूड पट्टी जोडावी लागते. ब्रॅकेटखालचा रंग खरवडायचा, नाहीतर पत्रा असून नसल्यासारखा.

वायरिंगमध्ये सगळ्यात मोठी चूक बॅटरीपाशी होते. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट होतात, आणि संच लागतो १२ चा. मग कुणीतरी एकाच बॅटरीवरून तार ओढतो. ती बॅटरी अर्धवट चार्ज होत राहते, दुसरी जादा; शेवटी दोन्ही जातात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावायचा. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, कारण वायर मध्येच घासून शॉर्ट झाली तर आग तिथूनच लागते.

केबिन पुढे झुकणारी असेल, तर बिजागरीपाशी वायरला सैल वळण ठेवायचं. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच. अँटेनाची केबल आत शिरण्याआधी खाली झोळ द्यायचा. पावसाचं पाणी तिथूनच ठिबकून जातं.

शेवटी एसडब्ल्यूआर मीटर लावून पट्ट्याच्या दोन्ही टोकांना मोजायचं. वरच्या टोकाला आकडा जास्त आला तर काठी लांब आहे, खालच्या टोकाला आला तर आखूड. दीडच्या आत आला की ठीक. तीनच्या वर असेल तर बटण दाबून बोलूच नका, संच जळेल.

हे सगळं उन्हाळ्यातच उरकायचं, बरं का. पाणी चढल्यावर ग्रोमेट शोधत बसायला वेळ नसतो.