ब्राउझरविना यूट्यूब : ‘फ्रीट्यूब’ वापरून पाहताना

अमरावती, प्रतिनिधी – संगणकावर व्हिडिओ पाहायचा म्हणजे ब्राउझर उघडायचा, हे आता आपल्या अंगवळणी पडले आहे. वास्तविक त्यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर वापरण्याची कल्पना जुनी आहे. २००७ मध्ये ‘जूस्ट’ आणि ‘मिरो’ या दोन सॉफ्टवेअरचा बराच बोलबाला होता. त्यांपैकी ‘जूस्ट’ हे स्काइपच्या संस्थापकांचे अपत्य. पुढे ब्राउझरमध्येच सारे दिसू लागले आणि दोन्ही मागे पडली. त्याच जातकुळीतले ‘फ्रीट्यूब’ आम्ही नुकतेच आठवडाभर वापरून पाहिले. यूट्यूबवरील व्हिडिओ दाखवणारे, परंतु गुगलने तयार न केलेले हे मोफत व मुक्तस्रोत ॲप्लिकेशन विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालते.

ते सुरू करताना खाते, ई-मेल किंवा मोबाइल क्रमांक यांपैकी काहीही विचारले जात नाही. शोधपेटीत अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नाव टाकून आम्ही कपाशी आणि तुरीवरील व्हिडिओ पाहिले. मध्ये एकही जाहिरात आली नाही. पसंतीच्या वाहिन्यांची यादी आणि पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद गुगलकडे न जाता आपल्याच संगणकात राहते.

आमच्या मते याचा खरा उपयोग सेटिंग्जमध्ये दडलेला आहे. व्हिडिओशेजारी दिसणाऱ्या शिफारशी, प्रतिक्रिया आणि लोकप्रिय व्हिडिओंची यादी तेथून कायमची लपवता येते. अमरावतीच्या अभ्यासिकांत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. राज्यघटनेवरील व्याख्यान लावावे आणि तासाभराने आपण क्रिकेटच्या क्षणचित्रांत रमलेलो असावे, हा अनुभव कोणाला नाही? शिफारशी बंद केल्यावर व्याख्यान संपते तेथे पडदाही थांबतो.

दुसरी सोय चित्राच्या दर्जाची. तो एकदा ठरवून दिला की प्रत्येक व्हिडिओ शक्यतो त्याच दर्जात उघडतो. १०८० च्या चित्रात ३६० च्या तुलनेत नऊपट बिंदू असतात. डेटा नेमका नऊपट लागत नसला तरी फरक मोठा असतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवणाऱ्यांच्या हे चटकन लक्षात येईल. फळ्यावर शिकवणाऱ्या शिक्षकाचे व्याख्यान ४८० वर पुरेसे स्पष्ट दिसते.

मात्र, ‘गोपनीयता’ या शब्दाने हुरळून जाऊ नये. नेहमीच्या मांडणीत व्हिडिओ थेट गुगलच्याच सर्व्हरवरून येतो, त्यामुळे आपल्या जोडणीचा आयपी पत्ता तेथे दिसतोच. घरातील प्रत्येकासाठी वेगळी प्रोफाइल करता येते; पण ती केवळ वाहिन्यांची विभागणी असते. पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद सर्वांची एकत्रच राहते. ती नको असल्यास सेटिंग्जमधून बंद करावी लागते.

यूट्यूबने आपल्या यंत्रणेत बदल केला की अशी ॲप्लिकेशन्स अधूनमधून बंद पडतात आणि नवी आवृत्ती येईपर्यंत वाट पाहावी लागते. लॉगिनची सोय नसल्याने प्रतिक्रिया लिहिता येत नाही. शिवाय जाहिरातच दिसत नसेल, तर ती बनवणाऱ्याच्या पदरातही काही पडत नाही. वऱ्हाडी बोलीत चार पैसे मिळवू पाहणाऱ्या आपल्याच भागातील कलावंतांचे व्हिडिओ म्हणून आम्ही ब्राउझरमध्येच पाहिले.

आणि इंटरनेटच नसेल, तर सारेच ठप्प. नोव्हेंबर २०२१ मधील हिंसाचारानंतर अमरावती शहरात इंटरनेट सेवा बंद करण्यात आली होती. अशा वेळी केवळ आधीपासून संगणकात असलेल्या फायलीच उपयोगी पडतात.

वापरून पाहायचे असल्यास ‘फ्रीट्यूब’ त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावे. वाहिन्यांची यादी संगणकातच साठत असल्याने तो फॉरमॅट केला की तीही पुसली जाते. त्याआधी सेटिंग्जमधील ‘एक्स्पोर्ट’ वापरून यादीची फाइल पेनड्राइव्हवर काढून घ्यावी.