चाळीस वर्षांनंतरची साक्ष

स्पेनच्या उत्तरेला बुर्गोस शहराजवळ सान पेद्रो दे कार्देन्या नावाचा एक जुना मठ आहे. यादवी युद्धात जनरल फ्रँकोच्या फौजेने त्याचा तुरुंग केला आणि १९३८ मध्ये आंतरराष्ट्रीय ब्रिगेडचे शेकडो युद्धकैदी तिथे कोंबले. त्यांच्यातल्या एकाचं नाव नोंदलं गेलं होतं जॉन स्मिथ. हा जॉन स्मिथ नागपूरचा. खरं नाव गोपाळ मुकुंद हुद्दार; नागपूरकरांचे बाळाजी हुद्दार. १९२९ मध्ये डॉ. हेडगेवारांना सरसंघचालकपद दिलं गेलं, तेव्हा राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह म्हणून नेमले गेले ते हेच. १९३१ मध्ये बालाघाटच्या राजकीय दरोड्याच्या प्रकरणात ते तुरुंगात गेले. सुटल्यावर पत्रकारिता शिकायला लंडनला गेले, तिथे डाव्या चळवळीच्या सहवासात आले आणि १९३७ च्या उत्तरार्धात स्पेनच्या प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला निघाले. एप्रिल १९३८ मध्ये गांदेसाच्या परिसरात पकडले गेले. वर्षाअखेरीस सुटून लंडनमार्गे नागपूरला परतले आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. १९८१ मध्ये वारले.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या वाचकाला हा माणूस परका वाटायचं कारण नाही. नागपूर, भंडारा आणि बालाघाट तेव्हा एकाच मध्य प्रांतात होते आणि बालाघाटची हद्द त्या वेळच्या भंडारा जिल्ह्याला लागून होती. एवढ्या जवळच्या माणसाने एवढ्या लांबच्या लढाईत बंदूक का उचलली, हे त्याच्याच तोंडून ऐकायला हवं होतं. आयुष्य एका परिच्छेदात बसतं. प्रश्न बसत नाहीत. जगात इतरत्र अशा स्वयंसेवकांना शोधून, समोर बसवून, टेप सुरू करून हे प्रश्न विचारले गेले. त्या कामाचा हा परिचय.

स्पेनचं यादवी युद्ध जुलै १९३६ मध्ये सुरू झालं आणि १ एप्रिल १९३९ ला संपलं. प्रजासत्ताकासाठी पन्नासहून अधिक देशांतले सुमारे ३५,००० स्वयंसेवक आले; त्यांच्या तुकड्यांनाच आंतरराष्ट्रीय ब्रिगेड म्हणत. ब्रिटन आणि आयर्लंडमधून सुमारे २,५०० गेले, त्यांतले पाचशेहून अधिक तिथेच पडले. अमेरिकेतून सुमारे २,८०० गेले. ब्रिटिश बटालियनला अधिकृत नाव दिलं होतं शापुरजी सकलातवालांचं: मुंबईत जन्मलेले, लंडनच्या बॅटरसीमधून कम्युनिस्ट म्हणून संसदेत गेलेले पारशी गृहस्थ. भारतातून गेलेले मोजकेच. त्यांत डॉ. मदनमोहनलाल अटल वैद्यकीय सेवेत होते. तेच पुढे १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकाचे प्रमुख झाले. त्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते.

या माणसांचा इतिहास कागदावरून लिहायला गेलं तर पहिल्याच पायरीवर अडतो. ब्रिटिश सरकारने जानेवारी १९३७ मध्ये जाहीर केलं, की १८७० च्या कायद्याप्रमाणे परक्या सैन्यात भरती होणं गुन्हा आहे. त्यामुळे जाणारा माणूस कागद मागे ठेवत नसे. पासपोर्टशिवाय पॅरिसला जाता येईल असं शनिवार-रविवारचं तिकीट काढायचं, पॅरिसहून दक्षिणेला जायचं आणि दोरीच्या तळाच्या चपला घालून रात्रभर पिरनीज पर्वत चढायचा. कित्येकांनी नावं बदलली. ब्रिगेडच्या मुख्यालयाची दप्तरं युद्धाच्या अखेरीस मॉस्कोला गेली आणि सोव्हिएत संघ कोसळेपर्यंत अभ्यासकांना ती बंद होती. उरली ती माणसं आणि त्यांच्या आठवणी.

लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमने १९७२ मध्ये ध्वनिमुद्रणाचा विभाग काढला. १९७६ च्या सुमारास मार्गारेट ब्रूक्स यांनी स्पेनला जाऊन आलेल्या ब्रिटिशांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली. साल महत्त्वाचं आहे. युद्धाला चाळीस वर्षं झाली होती. फ्रँको नुकताच, नोव्हेंबर १९७५ मध्ये, मेला होता. विशी-पंचविशीत स्पेनला गेलेले तरुण आता पासष्टीचे झाले होते. कामावरून निवृत्त होऊन ते घरीच असत, पोरंबाळं मार्गी लागली होती आणि स्मरणशक्ती अजून शाबूत होती. नोकरी जाईल, पोलीस दारात येतील ही धास्ती बरीच ओसरली होती. सोबतचे एकेक करून जात होते, त्यामुळे आपणही सांगून टाकावं असं वाटू लागलं होतं. ही वेळ आधीही येत नाही आणि फार काळ थांबतही नाही.

या मुलाखतींची घडण पाहण्यासारखी आहे. त्या टेपच्या रिळांवर आहेत, एक रीळ साधारण अर्ध्या तासाचं. संग्रहालयाच्या सूचीत प्रत्येक रिळाचा सारांश दिलेला असतो. पहिल्या रिळावर बहुधा लढाई सापडतच नाही. तिथे असतं बालपण: वडील काय काम करत, घरात कोणतं वर्तमानपत्र येई, शाळा कधी सुटली, बेकारीत दिवस कसे काढले, फॅसिस्टांच्या मोर्च्याला विरोध करायला रस्त्यावर कोण कोण उतरलं होतं. मग प्रवास, कवायत, पहिला गोळीबार, जखम, रुग्णालय, परतीची बोट, आणि परतल्यावर कोणी कामावर घेतलं आणि कोणी घेतलं नाही. लढाईच्या गोष्टी ऐकायला उतावीळ असलेल्याला हा क्रम कंटाळवाणा वाटेल, पण त्यात या कामाचं सगळं मर्म आहे. ‘तुम्ही स्पेनला का गेलात?’ असं थेट विचारलं तर चाळीस वर्षं सभांमधून केलेलं भाषणच पुन्हा ऐकायला मिळतं. ‘तिकिटाचे पैसे कोणी दिले? आईला काय सांगून निघालात?’ असं विचारलं की माणूस क्षणभर थांबतो, आठवतो, आणि भाषण बाजूला राहतं.

विचारणारा कोण आहे यावर उत्तर ठरतं. दक्षिण वेल्समध्ये खाणकामगारांच्या चळवळीतून १९७३ मध्ये कामगारांचं एक ग्रंथालय उभं राहिलं. हायवेल फ्रान्सिस या इतिहासकारांनी खाणीतून स्पेनला गेलेल्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तिथे ऐकणारा त्याच खोऱ्यातला होता. खाणीतल्या कामाचे शब्द त्याला समजावून सांगावे लागत नव्हते.

अमेरिकेत तर लढून आलेल्यांनीच पुढाकार घेतला. मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या काळात त्यांच्यामागे पोलिसांचा ससेमिरा लागला होता, नोकऱ्या गेल्या होत्या. अनोळखी माणूस टेपरेकॉर्डर घेऊन आला तर तो सरकारचा तर नाही ना, ही शंका पहिली. मॅनी हॅरिमन हे स्वतः अमेरिकन स्वयंसेवकांच्या लिंकन ब्रिगेडमधले. ऐंशीच्या दशकात त्यांनी कॅमेरा घेतला आणि जुन्या सोबत्यांच्या मुलाखतींचा मोठा संग्रह जमवला. तो आज न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टॅमिमेंट ग्रंथालयात आहे. सोबत्यापुढे माणूस मोकळा होतो. तोटाही तिथेच आहे. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही, आणि पक्षातल्या भांडणांसारखे अवघड विषय संगनमताने टाळले जातात. बाहेरच्याला विश्वास मिळवायला वेळ लागतो, पण त्याला अडाणी प्रश्न विचारण्याची मुभा असते. म्हणून चांगल्या संग्रहात दोन्ही प्रकारच्या मुलाखती लागतात.

चाळीस वर्षांनी सांगितलेलं खरं किती धरायचं? या शंकेला उत्तम उत्तर इटलीच्या अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी दिलं आहे. तेर्नी या पोलादनगरीत लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनांत पोलिसांच्या गोळीने मेला. पुढे मुलाखती घेताना अनेक कामगारांनी ठामपणे सांगितलं, की तो १९५३ मध्ये, कामगारकपातीविरुद्धच्या आंदोलनात मेला. तारीख चुकीची होती, पण इतक्या जणांनी एकच चूक करावी यालाच पोर्तेल्लींनी पुरावा मानलं. निदर्शनातला छोटा मृत्यू कामगारांना पुरेसा वाटत नव्हता. आपल्या सर्वांत मोठ्या लढ्याला तो जोडल्याशिवाय त्यांच्या मनाचं समाधान होत नव्हतं. म्हणून मुलाखतीतली तारीख कागदावर तपासायची, आणि चुकली असेल तर ती का चुकली हे त्याच माणसाच्या बाकीच्या बोलण्यात शोधायचं.

सान पेद्रोच्या तुरुंगाबद्दल आज इतकं ठाऊक आहे ते अशाच कामामुळे. कार्ल गायझर या अमेरिकन कैद्याने पुढे सोबतच्या कैद्यांना गाठून त्यांच्या आठवणी जमवल्या आणि १९८६ मध्ये पुस्तक काढलं. उवा, अपुरं अन्न, काठ्यांचा मार, फॅसिस्ट सलाम ठोकण्याची सक्ती हे सगळं त्यात आहे. कैद्यांनी हाताने लिहून चालवलेलं वर्तमानपत्र आहे. एकमेकांना भाषा, गणित असे विषय शिकवण्यासाठी भरवलेले वर्गही आहेत. त्या वर्गांना कैदी थट्टेने उच्च शिक्षणाची संस्था म्हणत. फ्रँकोच्या सैन्यातले मानसोपचारतज्ज्ञ आंतोनियो वाय्येखो-नाखेरा यांनी याच कैद्यांवर प्रश्नावल्या आणि मोजमापं चालवली होती. माणूस मार्क्सवादी होतो तो मनोविकारामुळे, हे त्यांना सिद्ध करायचं होतं.

या भिंतींच्या आत नागपूरचा एक पदवीधर बसला आहे, हे डोळ्यांपुढे आणलं की प्रश्नांची रीघ लागते. गोऱ्या कैद्यांमध्ये ‘जॉन स्मिथ’ या नावावर पहारेकऱ्यांचा विश्वास कसा बसला? त्या वर्गांमध्ये हुद्दारांनी काय शिकवलं, काय शिकले? संघस्थानावरची शिस्त आणि बटालियनमधली शिस्त यांत त्यांना काय फरक वाटला? बालाघाटच्या प्रकरणातला तुरुंग आणि हा तुरुंग, जड कोणता गेला? नागपूरला परतल्यावर जुने सहकारी रस्त्यात भेटले तर काय बोलणं होई?

हुद्दार स्वतः सार्वजनिकपणे बोलले तेही बरोबर त्याच सुमारास, स्पेननंतर चाळीस वर्षांनी. ७ ऑक्टोबर १९७९ च्या ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’मध्ये त्यांचा लेख आला. विषय होता संघ आणि नेताजी. १९३९ मध्ये सुभाषबाबूंचा निरोप घेऊन आपण नाशिककडे मुक्कामी असलेल्या डॉ. हेडगेवारांकडे गेलो, आणि प्रकृतीचं कारण सांगून हेडगेवारांनी ती भेट टाळली, असं त्यांनी त्यात सांगितलं. हेडगेवार २१ जून १९४० ला वारले, म्हणजे आजार खरा होता असंही म्हणता येतं. हुद्दारांचं म्हणणं होतं की तो बहाणा होता. त्या लेखाचे दाखले आजही दोन्ही बाजूंनी दिले जातात, एक बाजू पुरावा म्हणून आणि दुसरी खोडून काढायला. लेखाला उलटप्रश्न विचारता येत नाही. मुलाखत असती तर विचारलं गेलं असतं: खोलीत आणखी कोण होतं, दार उघडं होतं की बंद, तुम्ही हे तेव्हा कोणाजवळ बोललात? संघाचा पहिला सरकार्यवाह आणि नंतरचा कम्युनिस्ट हा माणूस कोणत्याच एका संघटनेच्या गौरवग्रंथात नीट बसत नाही. अशांची साक्ष संघटनेबाहेरच्या कोणीतरी घ्यावी लागते.

उशीर झाला की काय होतं ते न्यूयॉर्क परिसरातल्या एका तैवानी दांपत्याने अनुभवलं. ह्वे-रू त्झू आणि लेन त्झू हे दोघे पेशाने वैज्ञानिक. स्पेनला गेलेल्यांच्या यादीत त्यांना चिनी नावं दिसली आणि त्यांनी फावल्या वेळात शोध सुरू केला. पॅरिसमधल्या मोटारकारखान्यातून गेलेले आणि रणांगणावर स्ट्रेचर वाहणारे शांदोंगचे दोन चिनी कामगार त्यांनी शोधून काढले. २००१ मध्ये पुस्तक आलं. पण बहुतेक माणसं तोवर हयात नव्हती. वारस, जुने सोबती आणि दप्तरं यांच्यावरच भागवावं लागलं. आशियाई स्वयंसेवकांवर त्यांनी पुढे जे लेखन केलं त्यात हुद्दारही आहेत. आज तर ब्रिगेडची ती पिढीच उरलेली नाही.

हाच हिशेब आता घरापाशी लावून पाहू. पवनीत जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं, तेव्हा स्तूपाच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं निघाली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांकडून नावापलीकडे काही मागताही येत नाही. पण याच तालुक्यात, वैनगंगेवर, गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झाली. त्या पाण्याखाली गावं गेली, धानाच्या बांध्या गेल्या, नदीवर पोट असलेल्या ढिवरांचे ठिय्ये गेले. तेव्हा जे कर्ते होते, ते आज साठी-सत्तरीत आहेत, म्हणजे ब्रूक्सबाईंपुढे बसलेल्या स्वयंसेवकांच्याच वयाचे.

या कामाला संग्रहालय लागत नाही. हातातला मोबाइल पुरे, फक्त पंखा बंद करून आणि फोन बोलणाऱ्याच्या जवळ ठेवून. एका बैठकीला तासाभराहून जास्त ताणू नये. सांगणाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी आणि काय गाळायचं ते त्यालाच ठरवू द्यावं. बोलणं झाडीबोलीत झालं तर उतरवून घेतानाही झाडीबोलीतच ठेवावं. पुस्तकी मराठीत घासूनपुसून बसवलं की बोलणाऱ्याचा ठसका जातो. एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, एक घरच्यांकडे. आणि सुरुवात मोबदल्याच्या भांडणापासून करू नये. गावात कोणाचं घर कुठे होतं, तलावाच्या पाण्याची पाळी कोण ठरवी, निघताना बैलबंडीत काय भरलं आणि काय मागे राहिलं, इथून करावी. पायाभरणीला चाळीस वर्षं २०२८ मध्ये पूर्ण होतात.