गाडीचे एलईडी बल्ब : डब्यावरचा आकडा आणि रस्त्यावरचा उजेड



संध्याकाळी फ्रीगंजातल्या टावर चौकात उभे राहिले की कितीतरी गाड्यांचे पांढरेशुभ्र दिवे नजरेत भरतात. जुना पिवळसर हॅलोजन काढून बाजारातला एलईडी बसवायचा, ही आता सर्रास चाललेली गोष्ट आहे. आपल्यापैकी अनेकांना रात्री इंदूर किंवा देवासहून परतावे लागते. तेव्हा खरा जास्त उजेड कोणता, हे हिशेबाने पाहू या.

प्रथम तीन शब्द. वॅट म्हणजे बल्ब खातो ती वीज, लुमेन म्हणजे बल्बमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश, आणि लक्स म्हणजे प्रत्यक्ष रस्त्यावर पडलेला उजेड. आपल्याला उपयोगी पडतो तो लक्स. डब्यावर मात्र मोठ्या अक्षरांत लुमेन छापलेले असतात.

अनेक गाड्यांत असणारा एच-४ हॅलोजन ६०/५५ वॅटचा असतो. मानकाप्रमाणे तो अपरवर सुमारे १,६५० आणि डिपरवर सुमारे १,००० लुमेन देतो. आता एलईडीच्या जोडीवर '२०० वॅट, २०,००० लुमेन' लिहिले आहे असे समजा. इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून पाहिल्यावर एक बल्ब दीड अँपिअर घेतो असे दिसले, तर १३.५ व्होल्टला ते जेमतेम २० वॅट झाले, म्हणजे जोडीचे ४०. चांगला एलईडी एका वॅटला साधारण १०० लुमेन देतो. मग जोडीचे झाले ४,०००. पाचपट परतावा सांगणाऱ्या योजनेकडे आपण जसे पाहतो, तसेच या आकड्याकडे पाहावे.

हे ४,००० देखील हॅलोजनपेक्षा जास्तच आहेत, मग अडचण कुठे? अडचण जागेची आहे. दिव्याच्या आतला आरसा हॅलोजनच्या बारीक तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एच-४ मध्ये डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते, ती वर जाणारा प्रकाश अडवते. एलईडीची चिप एक-दोन मिलिमीटर जरी सरकली, तरी प्रकाश विखुरतो. गाडीजवळचा रस्ता लख्ख दिसतो, लांबचा खड्डा दिसत नाही, आणि उरलेला प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

जर्मनीत २०२० साली ऑस्रामच्या एच-७ एलईडी बल्बला रस्त्यावर वापरायची परवानगी मिळाली, तीसुद्धा तपासलेल्या ठराविक गाड्यांपुरतीच. म्हणजे पारख नुसत्या बल्बची होत नाही, बल्ब आणि दिवा या जोडीची होते.

घरी तुलना अशी करावी. सपाट जागी भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करून इंजिन चालू ठेवावे. एका बाजूला हॅलोजन, दुसऱ्या बाजूला एलईडी लावून डिपर द्यावा. एलईडी तापला की त्याचा उजेड उतरतो, म्हणून दहा मिनिटे थांबूनच पाहावे. हॅलोजनची वरची कड स्पष्ट दिसेल. एलईडीचा प्रकाश त्या कडेच्या वर सांडत असेल, तर तो बल्ब परत करावा. मोबाइलच्या लक्स अॅपने दोन्हींचे आकडे घेता येतात, पण फोन तोच आणि जागा तीच हवी.

रंगही पाहावा. ६,००० केल्विनच्या वरचा निळसर प्रकाश डोळ्यांना जास्त वाटतो, पण पावसात आणि धुक्यात त्याने जास्त दिसतेच असे नाही.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने आहेत, आणि केंद्रीय नियमावलीतला नियम १०६ समोरच्याचे डोळे दिपू नयेत यासाठीच आहे. पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे समोरून येणारा माणूस. साठीनंतर दिपलेले डोळे सावरायला जास्त वेळ लागतो, मोतीबिंदू असेल तर आणखीच. ताशी ६० च्या वेगात गाडी तीन सेकंदांत ५० मीटर जाते. तेवढ्या अंतरात पायी चालणारा यात्रेकरूही असू शकतो. २०२८ च्या सिंहस्थात तर अशी माणसे रस्तोरस्ती असतील.

म्हणून बल्ब बदलण्याआधी पिवळी पडलेली हेडलाइटची काच पॉलिश करून घ्यावी, पुढची काच आतून-बाहेरून पुसावी आणि दिव्यांचा कोन मेकॅनिककडून लावून घ्यावा. पुष्कळदा हरवलेला उजेड तिथेच सापडतो.