किल्ली घेऊन गेलेला भाडेकरू

लिनक्सवर एखादा गेम किंवा चित्रांचा प्रोग्रॅम मध्येच कोसळला की पडदा काळा पडतो, नाहीतर शेवटचं चित्र तसंच गोठून बसतं. कळा दाबून काही होत नाही. मग आपण पॉवरचं बटण दाबून धरतो. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. पण अशा वेळी संगणक आतून बऱ्याचदा ठणठणीत असतो. घरातल्या दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कने त्यात शिरून बघा, तशी सोय आधी करून ठेवलेली असेल तर मुकाट आत घेतो.

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, नुसत्या अक्षरांचे पडदे असतात. त्यांना कन्सोल म्हणतात. चित्रांचा प्रोग्रॅम त्यातला एक ताब्यात घेतो आणि कर्नलला दोन गोष्टी बजावतो: इथे अक्षरं काढू नकोस आणि कळांचा अर्थ लावत बसू नकोस. शहाणा प्रोग्रॅम जाताना दोन्ही पूर्ववत करतो. कोसळलेला कसा करणार? त्याने वापरलेली मेमरी कर्नल झाडून घेतो, पण या दोन सूचना कन्सोलच्या नावावर नोंदलेल्या असतात; त्या तशाच राहू शकतात. भाडेकरू गेला, कुलूप लागलेलंच.

जुन्या काळी नुकसान याहून मोठं असे. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या व्हीजीए पद्धतीत अक्षरांचा पडदा ८० रकान्यांचा आणि २५ ओळींचा. एका अक्षराला दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक रंगाचा. सगळा पडदा ४,००० बाइटांत मावे. पण अक्षरांची वळणंही कार्डाच्याच मेमरीत असत आणि चित्र काढताना तीच जागा ठिपक्यांनी भरून जाई. मग अक्षरांचा पडदा परत आला तरी अक्षरांच्या जागी नुसते तुकडे. एसव्हीजीएलिब हे थेट कन्सोलवर चित्र काढायचं जुनं साधन वापरणारी मंडळी म्हणूनच पडद्याची आधीची स्थिती फाइलमध्ये जपून ठेवत आणि गरज पडली की न दिसणाऱ्या पडद्यावर अंदाजाने टाइप करून ती परत आणत. २००९ च्या २.६.२९ आवृत्तीपासून पडद्याची मांडणी कर्नलने स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली, आधी इंटेलच्या चिपांसाठी. तेव्हापासून हा त्रास बराच ओसरला.

कळफलकाचा घोळ मात्र गमतीचा आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबलं की दुसऱ्या कन्सोलवर जाता येतं, हे अनेकांना माहीत असतं. पण चित्रांचा पडदा चालू असताना ही हाक बहुधा कर्नलपर्यंत पोचतच नाही. ती ऐकणारा असतो तो चित्रांचा प्रोग्रॅमच, जो आत्ता गतप्राण आहे! कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही म्हणून ‘मशीन गेलं’ असं सांगणारे तंत्रज्ञ भेटतात. तो दिवाही बऱ्याचदा त्याच प्रोग्रॅमच्या हातात असतो.

कर्नल स्वतः ऐकतो अशी कळ म्हणजे सिसआरक्यू. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीच्या कळफलकावर ती आली. आज ती बहुधा प्रिंट स्क्रीनच्या कळेवर असते. लॅपटॉपवर बऱ्याचदा सोबत एफएन दाबावी लागते. ऑल्ट आणि ही कळ धरून आर दाबलं की कळफलक कर्नलकडे परत येतो. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ३. प्रोग्रॅम मेला नसून नुसता अडकला असेल, तर कन्सोल बदलायला कर्नल त्याच्या परवानगीची वाट बघत बसतो. तिथे आरऐवजी के. त्या कन्सोलवरचं सगळं मरतं, न जपलेलं कामही. आणि व्ही दाबलं की अक्षरांचा पडदा जबरदस्तीने परत मागवता येतो.

अडचण एवढीच, की सुरक्षेसाठी ही सोय अनेकदा अर्धवट बंद ठेवलेली असते. काय चालेल ते एका आकड्याने ठरतं, तो म्हणजे दिलेल्या परवानग्यांच्या आकड्यांची बेरीज; उबुंटूमध्ये तो १७६ असतो. त्यात डिस्क सावरून संगणक पुन्हा सुरू करता येतो, पण आर आणि के चालत नाहीत. त्यासाठी त्या बेरजेत ४ हवा. ही दुरुस्ती पडदा धड असतानाच करून ठेवावी.

कन्सोल मिळाला, पण टाइप केलेलं दिसत नाही किंवा ओळी जिन्यासारख्या उतरत जातात, असंही होतं. तेव्हा न बघता रीसेट ही आज्ञा टाइप करा आणि एंटर दाबा. एंटरही दाद देत नसेल तर कंट्रोल-जे.