ट्यूब संपली तरी उपचार संपत नाही

पाळी गेल्यावर योनीमार्गात लावायच्या एस्ट्रिऑल या इस्ट्रोजेनच्या क्रीमची ट्यूब साधारण १५ ग्रॅमची असते. खोक्यात तिच्यासोबत प्लास्टिकची एक बारीक नळी येते. नळीवरच्या खुणेपर्यंत क्रीम भरलं की ते अर्धा ग्रॅम होतं, आणि त्यात औषध असतं अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे एका ट्यूबमध्ये ३० मात्रा. पहिले दोन आठवडे रोज रात्री एक मात्रा घ्यायची, त्यात १४ संपल्या. पुढे आठवड्यातून दोनच रात्री. उरलेल्या १६ मात्रा आठ आठवडे पुरतात आणि दहाव्या आठवड्याअखेर ट्यूब रिकामी होते.

तोवर आग थांबलेली असते, खाज गेलेली असते, लघवीला जाताना भीती वाटेनाशी झालेली असते. बाईला वाटतं, झाले बरी. चिठ्ठीवर पुढचं काही लिहिलेलं नसतं, पुन्हा कधी यायचं हेही कुणी सांगितलेलं नसतं. हळूहळू सगळा त्रास पहिल्यासारखा सुरू होतो आणि ती म्हणते, "औषध काही लागू पडलं नाही."

औषध लागू पडलं होतं. ते बंद झालं म्हणून त्रास परतला. पाळी कायमची गेल्यावर योनीमार्ग कोरडा आणि नाजूक होत जातो, त्यावरचा उपचार सर्दी-तापाच्या कोर्ससारखा नसतो. तो रक्तदाबाच्या गोळीसारखा चालू ठेवायचा असतो. आपल्याकडे औषधापेक्षा या सातत्याचीच टंचाई जास्त आहे.

पाळीनंतरची तीस वर्षं

पनवेल तालुक्यातलं कोन हे जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतचं गाव उदाहरणादाखल घ्या. मूळ गावठाणाच्या आसपास आता मोठमोठी गृहसंकुलं उभी राहिली आहेत. एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरील घरांच्या योजनेतली इथली २,४१७ घरं म्हाडाने २०१६ मध्ये गिरणी कामगारांच्या आणि त्यांच्या वारसांच्या सोडतीत काढली. कोविडकाळात याच इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या आणि घरांचा ताबा आणखी लांबला. १९८२ च्या संपाच्या वेळी विशीत असलेली गिरणगावातली सून आज साठीच्या पुढे आहे. अशा घरांमध्ये पाळी जाऊन दहा, वीस, तीस वर्षं झालेल्या बायका मोठ्या संख्येने असणार, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या सुमारास. म्हणजे आपल्याकडच्या बाईच्या वाट्याला इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाविना जगण्याची चार-पाच वर्षं जास्त येतात. शस्त्रक्रियेत गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली गेली, तर हा काळ एका दिवसात सुरू होतो, मग वय तिशीचं का असेना. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यातल्या ज्यांची अंडाशयंही गेली, त्यांच्यासाठी हा पुढच्या पाच दशकांचा प्रश्न आहे.

अंगातून वाफा येणं, घामाने भिजणं ही पाळी जातानाची लक्षणं बहुतेकींच्या बाबतीत काही वर्षांत ओसरतात. योनीमार्गाचा त्रास मात्र वयाबरोबर वाढतो. निम्म्या किंवा त्याहून अधिक स्त्रियांना तो कमी-जास्त प्रमाणात होतो, आणि उपचार घेणाऱ्या त्यातल्या थोड्याच असतात.

आत नेमकं काय होतं?

योनीमार्गाचं अस्तर पेशींच्या अनेक थरांचं असतं. इस्ट्रोजेन असेपर्यंत हे थर जाड राहतात, वरच्या पेशींत ग्लायकोजेन ही साखरेची साठवण होते आणि रक्तपुरवठा भरपूर असतो. वरच्या पेशी झडल्या की त्यांच्यातल्या साखरेवर लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू पोसले जातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ अल्बर्ट डेडरलाइन यांनी १८९२ मध्येच या जिवाणूंचं वर्णन केलं होतं. दह्याचं विरजण लावणाऱ्या जिवाणूंचे हे भाऊबंद. त्यांच्यामुळे योनीमार्गाचा सामू ३.५ ते ४.५ इतका आम्लधर्मी राहतो आणि उपद्रवी जंतूंना तिथे बस्तान बसवता येत नाही.

इस्ट्रोजेन आटलं की ही साखळी पहिल्याच कडीत तुटते. थर पातळ होतात, साखर उरत नाही, लॅक्टोबॅसिलस उपाशी पडतात आणि सामू ५ च्या वर जातो. अस्तराच्या घड्या सपाट होतात, लवचिकपणा जातो. मग चालताना घासल्यासारखं होतं, बसताना टोचतं, शरीरसंबंधाच्या वेळी दुखतं, कधी रक्ताचा डाग पडतो. तपासणीच्या खोलीत सामू मोजायला कागदाची एक पट्टी पुरते. संसर्ग नसताना पट्टीने ५ च्या वरचा रंग दाखवला आणि लक्षणं जुळली, तर निदानासाठी महागड्या चाचण्यांची गरज सहसा पडत नाही.

एक विलक्षण गोष्ट म्हणजे, इस्ट्रोजेनचा शोधच या पेशींमुळे लागला. १९१७ मध्ये स्टॉकार्ड आणि पापानिकोलाऊ या संशोधकांनी गिनीपिगच्या योनीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ऋतुचक्राचे टप्पे ओळखले. पुढे कर्करोगाच्या 'पॅप' चाचणीला नाव मिळालं ते याच पापानिकोलाऊंचं. १९२३ मध्ये एडगर अ‍ॅलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी अंडाशयातला द्राव टोचल्यावर प्राण्यांच्या योनीतल्या पेशी बदलतात हे दाखवलं, आणि तीच या संप्रेरकाची पहिली चाचणी ठरली. संप्रेरकाचा परिणाम जिथे सर्वात आधी दिसला, तिथलीच त्याची उणीव आपण आज सर्वात शेवटी बोलून दाखवतो.

उन्हाळी लागते ती दरवेळी उष्णतेने नव्हे

मूत्रनलिका आणि योनीमार्गाचा खालचा भाग गर्भावस्थेत एकाच पोकळीतून घडतात. दोन्हींच्या अस्तरांना इस्ट्रोजेन लागतं, त्यामुळे ते आटल्यावर दोन्ही एकदमच दुबळी होतात. वारंवार लघवीला लागणं, घाई होणं, जळजळ, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग ही याच दुखण्याची दुसरी बाजू. म्हणून २०१४ पासून वैद्यकशास्त्राने योनी आणि मूत्रमार्गाच्या या सगळ्या तक्रारी एकाच लक्षणसमूहात धरल्या आहेत.

आपल्या घरांत याला उन्हाळी लागली म्हणतात. धन्या-जिऱ्याचं पाणी होतं, सब्जा होतो, त्याने भागलं नाही तर प्रतिजैविकांच्या गोळ्या होतात. पाच दिवस बरं वाटतं, महिन्याभराने पुन्हा तेच. गोळ्यांनी जंतू मरतात, पण त्यांना आत शिरू देणारं पातळ अस्तर तसंच राहतं. इस्रायलमध्ये राउल राझ आणि वॉल्टर स्टॅम यांनी वारंवार संसर्ग होणाऱ्या ९३ स्त्रियांवर एस्ट्रिऑल क्रीमची चाचणी घेतली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : नुसतं क्रीम लावणाऱ्या गटात वर्षाला दरडोई ५.९ वेळा संसर्ग झाला, औषधाचं क्रीम लावणाऱ्या गटात ०.५ वेळा. पाळी गेलेल्या स्त्रीला वरचेवर मूत्रसंसर्ग होत असेल, तर योनीमार्गातून इस्ट्रोजेन द्यावं असं आज मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात.

"आता या वयात हे कशाला?" किंवा "मालक नाहीत, मग मला याची काय गरज?" या प्रश्नांचं उत्तर यातच आहे. हा उपचार फक्त शरीरसंबंधासाठी नसतो. सत्तरीतल्या एकट्या बाईलाही रात्री चारदा उठावं लागू नये, बसमध्ये तास काढता यावा, तिच्या पोटात वर्षभर प्रतिजैविकं जाऊ नयेत, यासाठीही तो असतो.

भीती कुठून आली?

हार्मोन म्हटलं की कॅन्सर आठवतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या प्रचंड अभ्यासातला पोटातून दोन संप्रेरकं देण्याचा भाग मध्येच थांबवला गेला, कारण त्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग आणि हृदयविकार थोडे जास्त दिसले. तो इशारा पोटातून घ्यायच्या गोळ्यांबद्दल होता, पण तोच मजकूर योनीमार्गात लावायच्या अल्पमात्रेच्या औषधांवरही छापला गेला.

मात्रेतला फरक आकड्यांत पाहा. १० मायक्रोग्रॅमची एस्ट्राडिऑलची योनीगोळी दोन आठवडे रोज आणि पुढे आठवड्यातून दोनदा वापरली, तर पहिल्या वर्षात साधारण ११४ गोळ्या लागतात. एकूण औषध होतं १.१४ मिलिग्रॅम. पोटातून घ्यायच्या एका गोळीत १ किंवा २ मिलिग्रॅम असतं आणि ती रोज घ्यावी लागते. त्याच अमेरिकी प्रकल्पातल्या ४५,६६३ स्त्रियांच्या नोंदी पुढे तपासल्या गेल्या, तेव्हा योनीमार्गातून इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत कर्करोग किंवा हृदयविकार वाढल्याचं दिसलं नाही. ब्रिटनमध्ये २०२२ पासून अशी एक गोळी पन्नाशीपुढच्या स्त्रियांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषधविक्रेत्याच्या सल्ल्याने मिळते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही नोव्हेंबर २०२५ मध्ये ते जुने ठळक इशारे काढण्याची घोषणा केली.

याचा अर्थ सरसकट कुणीही लावावं असा नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, विशेषतः इस्ट्रोजेन रोखणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याखेरीज सुरुवात करू नये. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा थेंब जरी दिसला, तरी आधी तपासणी, मग क्रीम. मधुमेहातली बुरशी, त्वचेचे पांढरे चट्टे, अंग बाहेर येणं यांचीही खाज आणि आग अशीच असते. खाजेसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असतं, ते आधीच पातळ असलेली त्वचा आणखी पातळ करतं. जंतुनाशक घातलेल्या पाण्याने धुणंही टाळावं.

त्रास फक्त कोरडेपणाचा आणि सौम्य असेल, तर हार्मोन नसलेलं ओलावा देणारं जेलही चालतं. २०१८ च्या एका अमेरिकी चाचणीत ३०२ स्त्रियांपैकी जेल वापरणाऱ्यांना आणि इस्ट्रोजेनची गोळी वापरणाऱ्यांना १२ आठवड्यांत जवळपास सारखाच आराम पडला. जेलने अस्तर जाड होत नाही, म्हणून तेही नियमितच वापरावं लागतं. मोठ्या शहरांत आता लेझरची जाहिरात जोरात आहे. ऑस्ट्रेलियात ८५ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खरा लेझर आणि लेझरचं नुसतं नाटक यांच्यात वर्षाअखेर फरक आढळला नाही. त्यावर हजारो रुपये घालवण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

यादीत नसलेला प्रश्न

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कुठलातरी स्त्रीरोग आढळला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्यानंतर गावोगाव आशाताई आल्या, तिशीपुढच्या सगळ्यांची घरोघरी विचारपूस सुरू झाली. आशाताईंच्या हातातल्या प्रश्नावलीत पाळी गेल्यावर रक्तस्राव होतो का, दुर्गंधीयुक्त स्राव जातो का, हे प्रश्न आहेत. कर्करोग लवकर सापडावा म्हणून ते आहेत आणि ते हवेतच. पण कोरडेपणा, आग, दुखणं यांचा प्रश्न त्यात नाही. जे विचारलं जात नाही ते सांगितलं जात नाही, आणि जे सांगितलं जात नाही त्याचं औषध दुसऱ्यांदा लिहून मिळणं तर दूरच.

कोनहून पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय काही फार लांब नाही. अडचण असते ती तिथे दर तीन महिन्यांनी जायला घरात काय कारण सांगायचं, ही. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : हे किती दिवस चालू ठेवायचं, ट्यूब संपल्यावर तीच पुन्हा घ्यायची का, आणि पुढची तपासणी कधी. आठवड्यातून दोन रात्रींच्या हिशेबाने वर्षाला साधारण साडेतीन ट्यूब लागतात, तेवढं चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्यावं. मंगळवार आणि शुक्रवार असे दोन वार ठरवले की विसर पडत नाही. रक्त दिसलं, स्तनात गाठ लागली किंवा तीन महिन्यांत काहीच फरक पडला नाही, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जावं.

डॉक्टरांनीही रक्तदाब मोजताना साठीच्या बाईला एक प्रश्न जास्तीचा विचारावा. आणि घरातल्या लेकी-सुनांनी आईच्या बीपीच्या गोळ्यांबरोबर ही ट्यूबही महिन्याच्या यादीत लिहावी.