कौदीचे टाके कोण मोजतो?

हुबळीच्या बेंगेरी भागात कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाचं केंद्र आहे. संस्था १९५७ सालची. देशाचा राष्ट्रध्वज शिवणारी जागा म्हणून तिची ख्याती. ध्वजाचं खादी कापड बागलकोट जिल्ह्यातल्या तुळसीगिरीहून येतं. एकेकाळी धारवाडजवळचं गरगही त्यासाठी नावाजलेलं होतं. बेंगेरीत कापड धुतात, रंगवतात, पांढऱ्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी अशोकचक्र छापतात आणि मग तिन्ही पट्टे मशीनवर जोडतात. मशीनवर बसलेल्या बहुतेक बायकाच. ३:२ हे लांबी-रुंदीचं प्रमाण, रंगाची छटा, कापडाचं वजन, शिलाईचा दोरा, सगळं भारतीय मानक ब्यूरोने आखून दिलेलं. २१ × १४ फुटांचा सर्वांत मोठा ध्वज असो की टेबलावरचा चिमुकला, टाका हिशेबातच पडला पाहिजे.

याच हुबळी-धारवाडच्या घराघरांत आणखी एक शिलाई पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. तिला इथे कौदी म्हणतात. पुण्या-नाशकाकडची गोधडी आणि कोल्हापूर-बेळगावकडची वाकळ हीच. तिच्या टाक्यांना ना प्रमाण, ना तपासनीस. आणि म्हणूनच बहुधा, मोलही नाही.

काळी माती, ओली हवा

धारवाड मलनाडाच्या उंबरठ्यावर आहे. पश्चिमेला दांडेली-हल्याळचं जंगल, पूर्वेला नवलगुंदची काळी कापूसमाती. पावसाळ्यात इथे दिवसचे दिवस ऊन दिसत नाही आणि थंडीत पहाटे गारवा हाडाला लागतो. म्हणजे पांघरूण हवंच, आणि कापूस दाराशी. एकोणिसाव्या शतकात इथे अमेरिकन बियाणं रुजवलं गेलं. ‘धारवाड-अमेरिकन’ नावाचा कापूस १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, तिकडून इंग्लंडला माल जाईनासा झाला तेव्हा, चढ्या भावाने विकला गेला. गाठी गेल्या मँचेस्टरला. घरात उरलं ते नेसून विरलेलं लुगडं.

या भागातलं लुगडं म्हणजे इरकली. काठ-पदर टिकतो, अंग आधी विरतं. धोतराचं तर मधलं पान आधी जातं. तेव्हा टिकलेला भाग कुठे लावायचा आणि विरलेला कुठे दडवायचा, यातच कौदीची सगळी अक्कल आहे. विरलेलं पोटात जातं, धड राहिलेलं वर येतं. खणाच्या चोळीचा तुकडा उरला तर तो मधोमध मिरवतो.

एक कौदी, जवळून

आधी जमीन सारवलेली किंवा स्वच्छ पुसलेली हवी. खाली अखंड लुगडं अंथरायचं, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवून ताणून घ्यायचं. त्यावर जुनेराचे चार-सहा थर, सुरकुती न पडू देता. वरचा थर ठिगळांचा. मग लांब सुई, दुपदरी दोरा आणि साधा धावदोरा. काठापासून सुरुवात करून चौफेर आत सरकत यायचं, म्हणजे सुरकुती आतल्या आत न अडकता पुढे ढकलली जाते. दोन ओळींत बोटभर अंतर. अंतर वाढलं की धुताना पोटातला थर गोळा होतो. कमी केलं तर कौदी ताठ होते, अंगाला लपेटत नाही.

आता मोजून बघू. सहा फूट बाय चार फूट, म्हणजे साधारण १८० × १२० सेंटिमीटरची कौदी. ओळी दोन-दोन सेंटिमीटरवर धरल्या तर एकूण शिवण १०८ मीटर भरते. सेंटिमीटरला एक टाका धरला, तरी १०,८०० टाके. घरातली बाई हे स्वयंपाकपाणी आवरून दुपारी करते आणि कोणी विचारलंच तर ‘बसल्या बसल्या केलं’ म्हणून सांगते.

हुबळीत वाढलेल्या सुधा मूर्तींच्या २०१७ साली आलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच तीन हजार टाके आहेत. देवदासी प्रथेतून बाहेर पडलेल्या तीन हजार बायकांनी प्रत्येकी एक टाका घालून त्यांना पांघरूण भेट दिलं, त्याची ती हकीकत. तिथे टाका मोजला गेला, कारण प्रत्येक टाक्यामागे एक माणूस उभं होतं. घरच्या कौदीत दहा हजार टाक्यांमागे एकच बाई असते.

मजुरीवर शिवणाऱ्या

जिला वेळ नाही ती कौदी शिवून घेते. उत्तर कर्नाटकात गोंधळी समाजातल्या बायका हे काम मजुरीवर करतात. देवीचा गोंधळ घालणारा हा समाज, घरात मराठी बोलणारा. कापड घरमालकिणीचं, सुई, हात आणि पाठ त्यांची.

पश्चिमेला हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानात सिद्दी बायकांची परंपरा वेगळी. आफ्रिकेतून पोर्तुगीज काळात गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज. कोकणी, कन्नड, मराठी सगळ्यांत वावरणारे. त्यांच्या कौदीच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची ‘फुलं’ लागतात. ती नसतील तर काम अर्धवट राहिलं असं मानतात. समाज हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान अशा तीन धर्मांत वाटलेला, त्यामुळे ठिगळांत कुठे क्रूस दिसतो, कुठे चंद्रकोर. अमेरिकन कला-अभ्यासक हेन्री ड्रुअल यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये या बायकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये कौद्यांचं प्रदर्शन भरलं. जंगलातल्या झोपडीत जी अंथरली जात होती, ती तिकडे भिंतीवर टांगली गेली. कापड तेच, टाका तोच; फक्त किंमत विचारणारा भेटला.

पॉलिएस्टरचा दणका

पण ध्वजाचा मोजलेला टाका तरी सुरक्षित होता का? ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली आणि यंत्रावर बनवलेल्या, पॉलिएस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. पुढच्या वर्षी बेंगेरीत त्याविरुद्ध आंदोलन झालं, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. कौदीवर हीच वेळ त्याआधीच येऊन गेली होती. पानिपतची मऊशार ब्लँकेटं आठवडी बाजारात ढिगाने आली आणि लुगड्यांची जागाही सिंथेटिक साड्यांनी घेतली. असं कापड घाम शोषत नाही, टाक्यात घसरतं, थरावर थर बसत नाही. कौदीचा कच्चा मालच आटला. पण त्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही. काढणार तरी कोण? घरच्या कामाची संघटना नसते.

‘कापड तर आमचंच’

बाजाराला शिलाई मोजता येत नाही, असं मुळीच नाही. नवी खोली सजवायला निघा. फर्निशिंगच्या दुकानात टेप लागतो. चुण्यांच्या पडद्याला दांड्याच्या रुंदीच्या दुप्पट-अडीचपट कापड लागेल हे दुकानदार आधीच सांगतो आणि पडद्याची शिलाई पॅनलमागे लावतो. अस्तर वेगळं, रिंगा वेगळ्या. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण देतं. तेच गिऱ्हाईक कौदी शिवणारीपुढे बसलं की म्हणतं, ‘अगं, कापड तर आमचंच आहे, तुझं काय गेलं?’

इरकली लुगडं, कसुती भरतकाम, नवलगुंदचा जमखाना यांना भौगोलिक मानांकन मिळालं, ते चांगलंच झालं. कौदीला आधी त्याहून साधी गोष्ट हवी आहे: ओळींचं अंतर आणि लांबी-रुंदी धरून, पडद्याच्या पॅनलसारखा सांगता येईल असा दर. बचत गटाला तो एका बैठकीत ठरवता येईल. कापड आमचंच हे खरंच, पण ते नेसून वसूल झालेलं असतं. कौदीत नवं असं एकच असतं, शिवणारीची मेहनत. पैसे द्यायचे ते तिचेच.