शेतमाल वाहणाऱ्या गाडीचे मागील पाटे : त्यांची झीज व पालट

बैलगाडीच्या आंसास वंगण देण्याचा दिवस न चुकविणारे आमचे कित्येक शेतकरी बंधु दारांतील मोटारगाडीच्या पोटाखालीं वर्षभर वांकूनहि पाहत नाहींत. गाडी चालते आहे तोंवर ती धड आहे, असें समजण्याची आपली रीत पडली आहे. ही रीत किती महाग पडूं शकते याचा अनुभव गेल्या टोमॅटोच्या हंगामांत आमच्याच घरीं आला. तो प्रथम सांगून मग मूळ विषयाकडे वळूं.

आमच्या पुतण्याकडे चारहि चाकांना जोर पोंचविणारी, पुढें दोन ओळींची केबिन व मागें उघडा हौदा असलेली गाडी आहे. आपल्या भागांत अशा गाडीस 'कॅम्पर' म्हणतात. तिनें सुमारें १००० किलो माल वाहावा अशी मर्यादा आहे. त्या रात्रीं तींत प्रत्येकीं २२ किलोचे ६० क्रेट, म्हणजे १३२० किलो माल भरला होता. आणि त्यांतील शेवटची ओळ 'एवढ्याकरितां दुसरी खेप नको' म्हणून आम्हींच चढविण्यास सांगितली होती. ओतुराहून कल्याणच्या बाजारास जातांना माळशेज घाट उतरूं लागतांच गाडी डाव्या अंगास ओढूं लागली. पुतण्यानें प्रसंगावधान राखून ती डोंगराच्या कडेस लावली. दिव्यानें पाहतां मागील आंस डाव्या बाजूनें चार बोटें मागें सरकला होता, व टायर मडगार्डास घासून धूर निघत होता. गाडींत पुतण्या, त्याचा बारा वर्षांचा मुलगा व दोन गडी होते. कोणासहि इजा झाली नाहीं. परंतु रस्त्याच्या दुसऱ्या अंगास दरी होती.

कारण पुढें कळलें. दोन महिन्यांपूर्वीं एका गॅरेजांत मागील पाटे बदलले होते. नवे पाटे उत्तम होते. पण ते जुन्याच यू-बोल्टांनीं आवळले होते. पहिल्या खेपेनंतर ते पुन्हां आवळून घ्यावे, असें कारागिरानें सांगितलें नाहीं व आम्हीं विचारलें नाहीं.

पाट्यांचें काम

ही युक्ति जुनी आहे. इंग्लंडांत ओबाडाया एलियट यानें घोड्याच्या गाड्या पोलादी पाट्यांवर बसविण्याचें पेटंट १८०४ सालीं घेतलें. आपल्या टांग्यांसहि असेच पाटे असत. लहानमोठ्या पोलादी पट्ट्या एकावर एक रचून मध्यें सेंटर बोल्टानें त्या गुंफतात. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांस डोळे वळविलेले असतात. एक डोळा चेसिसला पक्का जोडतात व दुसरा शॅकल नांवाच्या झुलत्या दुव्यास; कारण ओझ्यानें कमान सपाट झाली म्हणजे दोन डोळ्यांमधील अंतर वाढतें व टोंकास सरकण्यास वाव लागतो. आंस पाट्यास यू-बोल्टांनीं बांधलेला असतो.

पाटा केवळ ओझें झेलतो असें पुष्कळांस वाटतें. परंतु मागील चाकांचा जोर गाडीस पुढें ढकलतो तो याच पाट्यांतून. म्हणजे पाटा हीच गाडीची बैठक व तेंच तिचें जूं. चारहि चाकांचा जोर लावून, लहान गिअरमध्यें, भरलेली गाडी चिखलांतून काढतांना आंस उलट फिरूं पाहतो व पाट्यास पीळ बसतो. शेतरस्त्यानें जाणाऱ्या गाडीचे पाटे डांबरी रस्त्यावरील गाडीपेक्षां लवकर थकतात, त्याचें हें एक कारण होय.

येथें एक भेद नीट लक्षांत घ्यावा. सेंटर बोल्ट हा आंसास जागा दाखविण्यापुरता आहे. आंस धरून ठेवण्याचें काम यू-बोल्टांच्या आवळीचें आहे. ती आवळ सैल झाली कीं सारा रेटा त्या बारीक बोल्टावर येतो व तो कापला जातो. माळशेज घाटांत नेमकें हेंच घडलें.

झीज कशी ओळखावी

रिकामी गाडी सपाट जागीं उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंतचें अंतर दोन्ही बाजूंस मोजावें. गाडी नवी असतांनाच हें माप लिहून ठेवल्यास उत्तम. आमची उमर सातबाऱ्याचे उतारे लिहिण्यांत गेली. गाडीचाहि असा एक उतारा घरांत असावा असें आम्हांस वाटतें. माप पूर्वीपेक्षां बरेंच घटलें, किंवा दोन बाजूंत ठळक फरक पडला, तर पाटे बसले असें समजावें.

बसलेला पाटा मऊ होतो ही समजूत बरोबर नाहीं. त्याचा ताठरपणा जवळजवळ पूर्वीइतकाच राहतो. त्याची कमान मात्र कायमची उतरलेली असते. त्यामुळें लवण्यास जागा उरत नाहीं, आंस थोड्याच धक्क्यानें वरच्या रबरावर आदळतो, व तो धक्का चेसिसला बसतो.

मग पाटे घासून पुसून चिरा पाहाव्या. चीर बहुधा सेंटर बोल्टाच्या भोंकाजवळ, यू-बोल्टांच्या कडेस, अथवा गंजानें खड्डे पडले असतील तेथें सुरू होते, व तांबूस रेघेसारखी दिसते. डोळ्यांतील रबरी बुश फाटले आहेत काय, शॅकल हालवितां खडखडतो काय, पट्ट्या एकमेकींवरून बाजूस सरकल्या आहेत काय, हेंहि पाहावें.

जुने पाटे ठोकून कमान चढवून देणारे कारागीर आहेत. थंड पाट्यावर ठोकून आणलेली कमान भरल्या गाडीखालीं फार दिवस टिकत नाहीं. भट्टींत घातलेला पाटा तर पुन्हां योग्य तऱ्हेनें पाणी देऊन व उतरवून घेतला नाहीं, तर निकामी होतो. विळ्याकोयत्याचें पाणी उतरलें म्हणजे काय होतें हें कोणा शेतकऱ्यास सांगावयास नको. चिरलेल्या पाट्यास वेल्डिंग तर कधींच करूं नये.

नवे पाटे कोणते घ्यावे

अधिक ओझ्यासाठीं जाड पाटे घालण्याचा मोह होतो. पण पट्टीचा ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणें वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागीं ७ मिलिमीटरची पट्टी घातली तर तो दीडपटीहून अधिक होतो. अशी गाडी रिकामी असतांना उडते, चाकाची पकड सुटते, आणि खड्ड्याचा मार चेसिसवर जातो. मागील अंग फार उंचावलें तर प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडून त्याचे क्रॉस झिजतात. यास्तव गाडीच्या मूळ मापाचेच पाटे घ्यावे, व दोन्ही बाजूंचे एकाच वेळीं बदलावे.

बदलण्याची रीत

काम कारागिराकडून करवून घेतलें तरी मालकास रीत ठाऊक असावी.

प्रथम, जागा कठीण व सपाट असावी. पुढील चाकांस दोन्ही बाजूंनीं पक्के ठोकळे लावावे. हातब्रेक सामान्यतः मागील चाकांस असतो. तीं उचललीं कीं त्याचा उपयोग संपतो. गाडी उचलल्यावर इंजिन चालू करूं नये. चेसिसखालीं लोखंडी घोड्या द्याव्या. दगडविटांवर किंवा नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खालीं शिरणें म्हणजे प्राणाशीं खेळ होय.

दुसरें, आंसाखालीं वेगळा जॅक लावून त्याचा भार तोलावा. एका वेळीं एकच बाजू सोडावी, म्हणजे दुसरी बाजू आंस जागेवर धरून ठेवते. शॉकॲब्सॉर्बरचें खालचें टोंक सोडावें. ब्रेकची नळी ताणूं देऊं नये.

तिसरें, यू-बोल्ट सोडून पाट्यावरील ताण पूर्ण गेल्याची खात्री करावी. मगच डोळ्यांचे बोल्ट काढावे. पाटा निघाल्यावर चेसिसवरील त्याच्या बैठकीस चीर आहे काय तें पाहावें.

चौथें, सेंटर बोल्ट पुष्कळ पाट्यांत बरोबर मध्यावर नसतो. एक बाजू लांब व एक आंखूड असते. तेव्हां जुना पाटा शेजारीं ठेवून दिशा जुळवावी. बुश नवे घालावे. सेंटर बोल्टाचें डोकें आंसावरील बैठकीच्या भोंकांत बरोबर बसलें पाहिजे.

पांचवें, यू-बोल्ट व त्यांचे नट नवेच असावे. एकदां ताणलेला बोल्ट पुन्हां तशी पकड देत नाहीं. चारहि नट आलटून पालटून, थोडेथोडे, गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें टॉर्क पान्यानें आवळावे.

सहावें, डोळ्यांचे व शॅकलचे बोल्ट अखेरची आवळ देण्यापूर्वीं गाडी चाकांवर उतरवावी. आंस लोंबत असतांना ते आवळले, तर भार येतांच रबरी बुश पिळवटतो व लवकर फाटतो.

सातवें, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें : पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हां आवळावे. नव्या पट्ट्या व त्यांवरील रंग दाबून बसतात आणि आवळ आपोआप ढिली होते. ज्या गाड्यांत भाराप्रमाणें मागील ब्रेकचा दाब कमीअधिक करणारी झडप आंसाशीं जोडलेली असते, तिची दांडीहि जुळवून घ्यावी. मागील अंग उंचावल्यामुळें गाडी रिकामी आहे असें धरून ती मागील ब्रेक कमी लावते. दिव्यांचा झोत खालीं येतो, तोहि पाहावा.

ओझ्याचा हिशेब

नव्या पाट्यांनीं गाडीची मर्यादा वाढत नाहीं. आंस, ब्रेक व टायर पूर्वींचेच असतात. शिवाय माल कोठें ठेवला यानेंहि फरक पडतो. पुढील व मागील आंसांत ३ मीटर अंतर धरूं. ३०० किलो माल मागील आंसाच्या मागें १ मीटरवर रचला, तर मागील आंसावर ४०० किलो भार पडतो, व पुढील आंसावरून १०० किलो उठतो. पाटे दबतात ते दबतातच, पण स्टिअरिंगहि हलकें पडतें. म्हणून जड माल केबिनीलगत ठेवावा. मर्यादेबाहेर ओझें नेल्यास मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमांत, २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें, २०,००० रुपये व जादा प्रत्येक टनास आणखी २,००० रुपये दंड सांगितला आहे.

हल्लीं आमच्या पुतण्याच्या गाडींत ४५ क्रेट जातात. राहिलेले १५ क्रेट शेजाऱ्याच्या गाडीनें जातात, व त्यांचें भाडें आम्ही देतों. पहिल्या दिवशीं तें भाडें देतांना हात जरा अडखळला. पण खेप निघण्यापूर्वीं तो बारा वर्षांचा मुलगा आतां आपण होऊन बॅटरी घेऊन गाडीखालीं वांकतो व यू-बोल्टांचे नट पाहतो, तेव्हां तें भाडें आम्हांस जड वाटत नाहीं.